शेवटचं दोन टक्के पाणी

काय काम करतोस, असं कुणी विचारलं की मी सांगतो, ‘चिखल पिळतो.’ रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये आम्ही खनिजातलं पाणी काढायची रसायनं तपासतो.

खनिज पिठासारखं दळून त्यातली नको ती माती वेगळी करतात. हे सगळं पाण्यात चालतं. शेवटी हाती येतो तो कॉन्सन्ट्रेट, किमती पण ओलाकच्च. चक्क्यासाठी दही फडक्यात बांधतो तसाच तोही फडक्यातून गाळायचा. इथे फक्त खालून व्हॅक्यूम पंप ओढत असतो. बरंचसं पाणी मुकाट निघून जातं. शेवटचं मात्र कणांमधल्या बारीक फटींत पृष्ठताणाच्या जोरावर चिकटून बसतं. फट जितकी अरुंद, तितका त्याचा हट्ट मोठा.

सर्फॅक्टंट, म्हणजे कपड्यांच्या साबणाचा भाऊबंद, हा पृष्ठताण कमी करतो. फ्लॉक्युलंटचे लांबलचक रेणू बारीक कणांचे पुंजके बांधतात आणि पाण्याला वाट मिळते. पण फ्लॉक्युलंट जास्त झाला तर पुंजक्यांच्या पोटातच पाणी अडकतं, सर्फॅक्टंट जास्त झाला तर फेस होतो. म्हणून टनामागे किती ग्रॅम, हे शोधण्यात माझा दिवस जातो. एवढं करून ओलावा उतरतो एक-दोन टक्के.

‘एवढ्यासाठी?’ मित्र विचारतात. ५०,००० टन मालात दोन टक्के म्हणजे १,००० टन पाण्याचं भाडं, हे एक उत्तर. दुसरं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. २००९च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोज’ पारादीपजवळ बुडालं. दोन्हींत लोहखनिजाचा चुरा होता. ओला चुरा बंदरात घट्ट दिसतो, त्यावर चालताही येतं. जहाज हलत राहिलं की कण जवळ सरकतात, मधल्या पाण्यावरचा दाब वाढतो आणि ढीग अचानक वाहू लागतो. तो एका बाजूला गेला की जहाज कलंडतं. २०१०च्या अखेरीस निकेलचं खनिज नेणारी तीन जहाजं अशीच गेली. ४०हून अधिक खलाशी मेले.

म्हणून माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो, साधारण त्याच्या ९० टक्क्यांवर आंतरराष्ट्रीय नियमांची मर्यादा आहे. २०११पासून ती बंधनकारक आहे. त्या मर्यादेच्या आत यायला रसायन मदत करतं. पण ढीग उघड्यावर राहिला आणि वर आषाढातली एक सर आली, तर माझ्या ग्रॅमांचा काही उपयोग नाही. तिथे ताडपत्री लागते, आणि पाऊस पडल्यावर पुन्हा मोजायची तयारी.

नेरूळच्या ‘चाणक्य’मध्ये जहाजावर जाणारी मुलं शिकतात. त्यांच्यातलं कुणीतरी उद्या असा माल घेऊन निघेल, तेव्हा हाताशी लॅब नसेल. तिथे एक साधी चाचणी करतात. डबा नमुन्यानं अर्धा भरायचा आणि २० सेंटीमीटरवरून टणक जागेवर २५ वेळा आपटायचा. वर पाणी चमकलं, तर कागदावर कोणताही आकडा असो, माल भरण्याआधी लॅबमध्ये पुन्हा तपासून घ्यायचा.