५८० अंशांच्या खाली

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच पाठ केलंय: डाया, पॅरा, फेरो. फेरो म्हणजे लोखंड, चिकटलं की चिकटलं. पॅरा म्हणजे ॲल्युमिनियम, प्लॅटिनम, ऑक्सिजन. चुंबकीय क्षेत्र लावलं की आतले सूक्ष्म चुंबक किंचित त्या दिशेला वळतात, क्षेत्र काढलं की पुन्हा आपापल्या नादात. ओढ इतकी कमी की मेसच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला चुंबक लावून बघा, काही जाणवणार नाही.

मित्रांनो, हे आपलंच वर्णन वाटतं की नाही? सबमिशनचं क्षेत्र लागलं की अख्खं होस्टेल एका दिशेला! रात्री दोनला जर्नल, झेरॉक्स, व्हायवाचे प्रश्न. शेवटचा पेपर सुटला की डोकं कोरं.

पियर क्युरींनी १८९५ मध्ये ऑक्सिजनसारख्या पदार्थांवर प्रयोग करून दाखवलं, की तापमान वाढलं की हा प्रतिसाद आणखी कमी होतो. उष्णतेच्या धक्काबुक्कीत कोण रांगेत उभं राहणार?

पण या विषयाचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच पायाखाली झालाय. देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हजार अंशांहून गरम लाव्हा होता. त्यातलं मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर पॅरामॅग्नेटिकच असतं, काहीही लक्षात न ठेवणारं. खडक थंड होत त्या खाली आला आणि पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यात कायमची बसली. हे क्षेत्र तरी केवढं? फ्रिजवरच्या साध्या चुंबकाच्या शंभराव्या भागाइतकं! क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांमधल्या या दिशेची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांवरून कळलं, की हा खडक थिजला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आज आपलं संभाजीनगर २० अंश उत्तरेला आहे. जमीन हजारो किलोमीटर सरकली, तरी खडक विसरला नाही.

आता फायनल इयर संपतंय. चार वर्षांत काय शिकलास, असं घरी विचारतात. पेपरांतलं फारसं आठवत नाही. पण थर्ड इयरला बाबा घाटीत ॲडमिट होते, तेव्हा रेक्टर सरांनी एक शब्द न विचारता रात्री बाहेर सोडलं होतं. दोन रूममेट ओरल असूनही सकाळपर्यंत वॉर्डबाहेर बसून होते. कुणी काही बोललं नाही, कुणी समजूत घातली नाही. ते मात्र आत बसलंय. पुढच्या महिन्यात एक पुण्याला जाईल, एक चाकणला, मी गावी. जमीन सरकणारच.