ज्याला कारागीर नाही

लोखंडाला लोहार आहे, लाकडाला सुतार आहे. प्लास्टिकला मात्र कोणीच नाही. घरची जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करावयास घेतली तेव्हा ही गोष्ट आमच्या प्रथम ध्यानात आली. पत्र्याचे पोचे सेलूतच निघाले, गाद्याही शिवून मिळाल्या. परंतु मराठवाड्याच्या उन्हाने तडकलेल्या डॅशबोर्डाच्या पट्ट्यांना हात लावावयास कोणी धजेना. ‘नवीन टाका,’ हाच सर्वांचा सल्ला! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीतून ही गाडी निघणे बंद होऊन दोन तपे उलटली; नवीन आणावे कोठून?

अखेर ही कारागिरी आम्हांसच शिकावी लागली. प्लास्टिकच्याही जाती असतात. १९०७ साली बेकलंडने शोधिलेले बेकलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. त्याची भेग एपॉक्सीनेच भरावी लागते. एबीएस जातीचे प्लास्टिक मात्र ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून त्याच पट्टीचे निरुपयोगी तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोन घालून भिजवावे, मधासारखे दाट झाले की भेगेत भरावे आणि पुरते वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे. काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावयाचे. सांधा थोडासा दिसतो, पण धरतो.

जी वस्तू फेकण्याकरिताच जन्मली असे आपण समजतो, तीही आपल्याच मोडक्या तुकड्यांनी सांधली जाते. तिला कारागीर लाभला नाही, याचे कारण इतकेच की, ती सांधण्याच्या योग्यतेची आहे असे कोणी मानिलेच नाही.