भुकेचा खिसा

१९५४ साली इटलीत दोन विनोदी चित्रपट आले आणि दोन्हींत एकेक ताट आहे. पहिला 'मिझेरिया ए नोबिल्ता', म्हणजे दारिद्र्य आणि खानदान. नेपल्समधल्या एका पडक्या घरात दोन कुटुंबं उपाशी बसली आहेत. जुना कोट गहाण टाकून येताना काय काय आणायचं याची यादी एक मित्र दुसऱ्याला सांगतो. यादी वाढत जाते, कोट तेवढाच राहतो. पुढे त्याच घरात कुणीतरी धाडलेलं जेवण येतं. आचारी टेबल मांडतो, मधोमध स्पॅगेटीचं मोठं भांडं ठेवतो. कुणी काही बोलत नाही, नुसत्या खुर्च्या टेबलाकडे सरकत राहतात, आणि मग एकदम झुंबड उडते. त्या दोन मित्रांपैकी एक, म्हणजे नट तोतो, टेबलावर चढतो, दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो, आणि तोंडात जागा उरत नाही तसा तीच स्पॅगेटी मुठीमुठीनं कोटाच्या खिशात भरायला लागतो. दुसरा चित्रपट 'उन अमेरिकानो आ रोमा', रोममधला अमेरिकन. अमेरिकेच्या वेडानं झपाटलेला नान्दो, म्हणजे आल्बेर्तो सोर्दी, समोर वाढून ठेवलेली मॅकरोनी बाजूला सारतो. खरा अमेरिकन खाईल तेच मी खाणार म्हणून पावावर मुरंबा, दही, मोहरी असं सगळं थापतो, घास घेतो, थुंकतो, आणि शेवटी त्या मॅकरोनीवर शत्रूवर तुटून पडावं तसा तुटून पडतो. सोर्दीचं तोंड भरलेलं ते छायाचित्र आजही इटलीतल्या कितीतरी खाणावळींच्या भिंतींवर लावलेलं असतं.

मला या दोन ताटांपेक्षा तोतोचा तो खिसा महत्त्वाचा वाटतो. तोंड आजचं असतं. खिशात भरतो तो माणूस उद्याला घाबरलेला असतो; आज कुणाच्या तरी मेहेरबानीनं मिळालं, उद्या मिळणार नाही हे त्याच्या हाताला डोक्याच्या आधी कळतं. फ्रान्स आणि इटलीच्या मोठ्या विनोदी नटांच्या कारकिर्दी ओळीनं पाहिल्या तर हाच खिसा वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि त्या विनोदाची किल्ली तिथेच आहे असं माझं म्हणणं आहे. विनोदवीराच्या हसण्यामागे दुःख दडलेलं असतं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. मला ते पटत नाही. दुःखी माणूस एका जागी बसून राहतो आणि त्याच्याकडे पाहून आपण गप्प होतो. भुकेला माणूस बसून राहू शकत नाही. त्याला युक्ती काढावी लागते, खोटं बोलावं लागतं, दुसऱ्याचं नाव घेऊन तिसऱ्याच्या पंगतीत शिरावं लागतं. या नटांची शरीरं जी सतत पळत, सरकत, लपत, वाकत असतात, ती धावपळ दुःखानं शिकवलेली नाही, पोटानं शिकवलेली आहे.

ही परंपरा सिनेमापेक्षा तीनचारशे वर्षं जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इटलीच्या फिरत्या नाटक मंडळ्यांमध्ये मुखवटा घातलेला नोकर असायचा, झान्नी. डोंगरातल्या गावातून शहरात पोट भरायला आलेला, कायम उपाशी. माशी पकडायची, तिचे पंख उपटायचे आणि मेजवानी असल्यासारखी ती चवीनं खायची, हा त्याचा ठरलेला खेळ. नेपल्सचा पुल्चिनेल्ला त्याच कुळातला, आणि तोतो त्या पुल्चिनेल्लाच्या गावचा. फ्रान्समध्ये हे बी पेरलं गेलं त्यालाही पुरावा आहे: १६५८मध्ये फ्रेंच नाटककार मोलिएर पॅरिसला परतला तेव्हा त्याची मंडळी आणि स्कारामूश म्हणून गाजलेल्या फियोरिल्लीची इटालियन मंडळी एकाच नाट्यगृहात वार वाटून घेऊन खेळ करत होत्या. इथे कुणी म्हणेल, खादाड विदूषक कुठे नसतो? आपल्या संस्कृत नाटकातला विदूषक मोदकांवर जीव टाकतोच की. टाकतो, पण तो राजाचा मित्र आहे आणि त्याचा मोदक त्याला उशिरा का होईना मिळतो. झान्नीला कुणी राजा नाही. विदूषकाचा असतो हट्ट आणि झान्नीची असते गरज. म्हणून विदूषक बसून बोलतो आणि झान्नी कोलांट्या मारतो.

तोतोचं सगळं आयुष्य या एका खिशात मावतं. अंतोनियो दे कुर्तिस, जन्म १८९८, नेपल्सच्या सानिता वस्तीत, लग्नाशिवाय झालेलं मूल. तरुणपणी रोममध्ये एका नाटक मंडळीत बिनपगारी काम करताना शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट करायचा. ट्रामच्या भाड्यापुरते पैसे मागितले तर मालकानं काढून टाकलं. पुढे पैसा आला, नाव आलं, एका सरदारानं दत्तक घेतलं, आणि त्यानं बायझंटाइन सम्राटांच्या वंशाचे किताब कोर्टाकडून मान्य करून घेतले. या किताबांच्या हव्यासाला लोक हसतात. मला त्यातही तोच हात दिसतो, हाताला येईल ते उद्यासाठी ठेवून देणारा. १९५७च्या सुमारास त्याची नजर जवळजवळ गेली. तरी त्यानं पुढची दहा वर्षं काम केलं. १९५८च्या मारिओ मोनिचेल्लीच्या 'इ सोलिती इन्योती'मध्ये तो इमारतीच्या गच्चीवर अडाणी चोरांना तिजोरी फोडायचं शास्त्र शिकवतो, आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही की या माणसाला समोरचं धड दिसत नाहीये. तो चित्रपट तर माझ्या म्हणण्याचा जिवंत पुरावाच आहे. चोरांना गाठायची आहे तारणगृहाची तिजोरी, म्हणजे गरिबांनी गहाण टाकलेले दागिने जिथे साठतात ती. शेजारच्या घरात शिरून, रात्रभर खपून ते भिंत फोडतात. भिंत चुकीची निघते, पलीकडे त्याच घराचं स्वयंपाकघर असतं. चुलीवर छोले घातलेला पास्ता तयार असतो. चोर बसतात आणि जेवतात. गेले होते खिसा भरायला, आणि हाती लागलं एका रात्रीचं जेवण.

आता फ्रान्स. इथे आक्षेप लगेच येतो: लुई द फ्युनेस कुठे उपाशी असतो? त्याच्या भूमिका कारखानदार, पोलीस अधिकारी, हॉटेलमालक अशा, म्हणजे पोट भरलेल्यांच्या. बरोबर आहे, आणि म्हणूनच तो मला सगळ्यात मोठा साक्षीदार वाटतो. त्याला १९५६च्या 'ला त्राव्हेर्से द पारी'मध्ये पाहावं. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, रेशन, काळा बाजार. तळघरात चोरून डुक्कर कापलं जातंय, त्याचं ओरडणं रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून नट बुर्विल अकॉर्डियन वाजवतोय. मग बुर्विल आणि झाँ गाबँ ते मांस चार सुटकेसांत भरून रातोरात शहर ओलांडतात, आणि वासानं कुत्री मागे लागतात. या तळघराचा मालक, किराणा दुकानदार झांबिए, म्हणजे द फ्युनेस. गाबँ त्याच्या नावापत्त्यानिशी मोठमोठ्यानं ओरडत मजुरीचा भाव चढवत जातो, आणि द फ्युनेसच्या चेहऱ्यावर राग, भीती आणि हिशेब एकाच वेळी धावतात. त्याला ओरडायचंय आणि ओरडता येत नाहीये. मोजकी मिनिटं आहेत ही, पण पुढचा अख्खा द फ्युनेस त्यात आहे. शहर उपाशी आहे आणि या माणसाचा खिसा त्या उपासमारीवर भरलाय. भरलेला खिसा रिकामा होण्याची भीती ही भुकेचीच दुसरी बाजू आहे.

त्याची कारकीर्दही याला साजेशी. आईवडील स्पेनहून आलेले. रात्रीच्या बारमध्ये पियानो वाजवून गुजराण. १९४५नंतर सिनेमात कधी दारवान, कधी वेटर, कधी गर्दीतला एक, अशा शंभरावर भूमिका. मुख्य नट म्हणून खरं नाव झालं तेव्हा वय पन्नास होतं. १९६४मध्ये सेंट-ट्रोपेच्या पोलिसाचा चित्रपट आला आणि १९६६मध्ये झेरार उरीचा 'ला ग्रांद व्हाद्रुई', ज्याची फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त तिकिटं खपली. तो विक्रम २००८पर्यंत कुठल्याही फ्रेंच चित्रपटाला मोडता आला नाही. त्यात तो वाद्यवृंदाचा बडा संचालक आणि बुर्विल साधा रंगारी; जर्मनांपासून पळताना बड्या माणसाला रंगाऱ्याचेच बूट हवेसे होतात आणि शेवटी तो त्याच्या खांद्यावरच बसतो. वरच्यापुढे लवणारा आणि खालच्यावर डाफरणारा हा माणूस द फ्युनेसनं इतक्या बारकाव्यानं केला, कारण खालून वर पाहायची वीस वर्षांची सवय त्याच्या अंगात मुरली होती. १९८०मध्ये त्यानं मोलिएरचा 'ला'व्हार' स्वतः सहदिग्दर्शन करून पडद्यावर आणला. त्यातला कंजूष आर्पागाँ पाहुण्यांच्या जेवणात काटकसर करतो आणि मोहरांची पेटी जमिनीत पुरून ठेवतो. मराठी प्रेक्षकाला तो आचार्य अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मधून केव्हाच भेटलेला आहे. ती पेटी आणि तोतोचा स्पॅगेटीनं फुगलेला खिसा या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

एक माणूस मात्र माझ्या या मांडणीत बसत नाही. झाक ताती. सुखवस्तू घरातला, चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या कुटुंबातला. त्याचा मस्य उलो कधी भुकेला नसतो, कधी घाबरलेला नसतो, त्याला उद्याची काळजीच नसते. १९६७च्या 'प्लेटाइम'साठी त्यानं काचेच्या इमारतींचं अख्खं शहर उभारलं आणि त्यात तो कंगाल झाला. खिसा न राखणारा विनोद असतो आणि तो फार सुंदर असू शकतो, हे तातीमुळे मला मान्य करावंच लागतं. पण त्याच्यामागे कुणी आलं नाही. खिशाची परंपरा मात्र चालत राहिली. दुसरा आक्षेप विट्टोरिओ गासमान आणि मोनिका व्हिट्टी यांचा. दोघंही गंभीर भूमिकांसाठी नावाजलेले. गासमान तर रंगभूमीवरचा हॅम्लेट. तरी दोघांनी उत्तम विनोद केला, मग भुकेच्या शिकवणीची गरज काय? 'इ सोलिती इन्योती'साठी मोनिचेल्लीनं गासमानचं कपाळ केसांनी झाकलं, नाक बदललं, त्याला तोतरं केलं. म्हणजे त्याचा खानदानी चेहरा लपवून त्याला झान्नीचा मुखवटा घातला. मुखवटा आधीच तयार होता, म्हणून तो घालता आला.

इटलीत भरभराट आली तेव्हा भूक संपली, मग हा विनोद संपायला हवा होता. तो संपला नाही. १९६३च्या डे सिकाच्या 'इल बूम'मध्ये सोर्दी हा कर्जात बुडालेला ठेकेदार आहे. घर आहे, गाडी आहे, पार्ट्या आहेत, आणि हे सगळं टिकवण्यासाठी एका श्रीमंताला स्वतःचा एक डोळा विकायची वेळ त्याच्यावर येते. दवाखान्यातून तो पळतो आणि परत आणला जातो. खिसा रिकामा झाला की शरीर विकायचं, ही झान्नीचीच गोष्ट आहे, फक्त सूट घालून आलेली. सोर्दीच्याच १९५९च्या 'ला ग्रांदे गुएर्रा'तलं एक दृश्य तर मराठीत जास्त नीट कळतं. पहिल्या महायुद्धात दोन कामचुकार इटालियन सैनिक, सोर्दी आणि गासमान, शत्रूच्या हाती सापडतात आणि जीव वाचवायला माहिती द्यायच्या बेतात असतात. तेवढ्यात ऑस्ट्रियन अधिकारी हेटाळणीनं म्हणतो की यांना काळीज ठाऊक आहे ते फक्त कांद्यात परतलेलं. इटालियनमध्ये 'फेगातो' म्हणजे काळीज आणि धाडसही. आपल्याकडे खाटकाच्या दुकानात मिळणारं काळीज आणि वाघाचं काळीज हा एकच शब्द आहे तसंच. ताटावरून केलेला तो अपमान गासमानला सहन होत नाही. तो माहिती देत नाही आणि गोळी खातो. मागोमाग आपण भित्रे आहोत म्हणून रडणारा सोर्दीही. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळालेल्या दोन चित्रपटांपैकी हा एक.

असे पुरस्कार आले की समीक्षक म्हणतात, विनोदी नट आता गंभीर झाला, मोठा झाला. बुर्विलबद्दल हे 'ल सेर्क्ल रूझ'नंतर म्हटलं गेलं, तोतोबद्दल १९६६च्या पाझोलिनीच्या 'उचेल्लाच्ची ए उचेल्लिनी'नंतर. पण त्या पाझोलिनीच्या चित्रपटात होतं काय? एक बोलका, शहाणा, मार्क्सवादी कावळा तोतो आणि त्याचा मुलगा या बापलेकांना वाटभर तत्त्वज्ञान ऐकवतो आणि शेवटी भूक लागल्यावर बापलेक त्याला भाजून खातात. पाझोलिनीनं तोतोला बदललं नाही. त्याच्या बारा वर्षांपूर्वीच्या टेबलापाशीच नेऊन बसवलं.

द फ्युनेसचा १९७६चा 'लेल उ ला क्विस' हृदयविकाराच्या झटक्यांनंतरचा. त्यात तो खाणावळींना तारे देणारा बडा परीक्षक आहे, कारखान्यात बनणाऱ्या नकली अन्नाविरुद्ध लढणारा, आणि ऐन वेळी त्याची जीभच चव हरवून बसते. त्याच्या मुलाला बापाची गादी नको आहे. तो लपूनछपून सर्कशीत विदूषकाचं काम करतो. हा मुलगा म्हणजे कोल्युश, मूळ नाव मिशेल कोलुची, बाप इटलीहून आलेला आणि लवकर वारलेला, आई फुलं विकणारी, बालपण पॅरिसच्या वेशीवरच्या माँरूझमध्ये चणचणीत गेलेलं. सप्टेंबर १९८५मध्ये कोल्युशनं रेडिओवरून साधं आवाहन केलं: हिवाळ्यात ज्यांना जेवण परवडत नाही त्यांच्यासाठी फुकट खाणावळी काढूया. त्या पहिल्या हिवाळ्यात सुमारे ८५ लाख जेवणं वाढली गेली. १९ जून १९८६ रोजी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याचं वय ४१ होतं. दुसरा हिवाळा आला, खाणावळी पुन्हा उघडल्या, आणि दारापाशी पुन्हा रांग लागली.