एकटीला न पेलणारं

मला यंत्रमानवांच्या मारामारीचे सिनेमे आवडतात. महिला मंडळात हे वाक्य एकदा बोलून बघा. "या वयात?" असं कुणी तोंडानं म्हणत नाही, भुवयांनी म्हणतं. एखादी मला वाचवायला बघते, "नातवासाठी बघत असाल हो." नाही बाई. नातू झोपला तरी मी बघते.

त्यातला माझा सगळ्यांत लाडका 'पॅसिफिक रिम'. २०१३ च्या जुलैत आला. अमेरिकेत तेव्हा उन्हाळा, म्हणजे सुट्ट्यांचा आणि मोठ्या खर्चाच्या सिनेमांचा हंगाम. आमच्या बेळगावात पावसाची झड. खर्च म्हणे सुमारे १९ कोटी डॉलर! माझ्याबरोबर थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का. खेळ दुपारचाच बघायचा, कारण दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला हवं.

गोष्ट सोपी आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाला एक भेग पडते आणि तिच्यातून अजस्र प्राणी वर येऊन शहरं तुडवू लागतात. माणसं मग त्यांच्याएवढेच उंच यंत्रमानव बांधतात. त्याच्या डोक्यात माणसं उभी राहतात. ती पाऊल टाकतील तेव्हा यंत्र पाऊल टाकतं. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो मेक्सिकोचे, राक्षसपटांचे वेडे. शेवटी त्यांनी हा सिनेमा रे हॅरीहाऊसेन आणि इशिरो होंडा यांना अर्पण केलाय. हे होंडा म्हणजे १९५४ चा जपानी 'गॉडझिला' करणारे.

आणि मजा म्हणाल तर काय मजा! हाँगकाँगच्या लढाईत तो यंत्रमानव एक अख्खं जहाज रस्त्यावरनं फरफटत आणतो आणि काठीसारखं त्या प्राण्याच्या थोबाडीत हाणतो. तिथंच एकदा त्याची मूठ एका कचेरीच्या इमारतीत आरपार घुसते. टेबलं, खुर्च्या उडतात, आणि शेवटी ती मूठ एका टेबलावरच्या टांगलेल्या गोळ्यांच्या खेळण्याला इतकी हलकेच लागते की गोळ्या टक् टक् करत झुलू लागतात. सगळं थेटर हसलं. मी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवताना प्रवचनात ऐकलेलं आठवत होतंच. हिंसा स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली किंवा दुसऱ्यानं केलेली बघून बरं वाटलं, तरी बांधायचं ते बांधलंच जातं. कृत, कारित, अनुमोदना. पडद्यावरचा प्राणी खोटा, कबूल. पण माझं बरं वाटणं खोटं नव्हतं. म्हणून मी स्वतःलाच विचारत राहिले, नेमकं कशाचं बरं वाटतं? त्या प्राण्याला फाडतात तेव्हा माझी नजर खाली हातातल्या लाह्यांकडे जाते. मी सरसावून बसते ती त्याच्या आधी, दोन माणसं एकदम पाय उचलतात आणि ते धूड हलतं तेव्हा.

कारण या सिनेमात हे यंत्र एकट्याला पेलत नाही. एका मेंदूवर भार टाकला तर माणूस कोसळतो. म्हणून दोघांची मनं जोडतात. एकानं डावी बाजू सांभाळायची, एकानं उजवी. जोडताना दोघांच्या आठवणी एकमेकांत वाहतात, लपवायला जागा राहत नाही. माको नावाची जपानी मुलगी पहिल्याच वेळी लहानपणात बुडून जाते. उद्ध्वस्त रस्ता, हातात एक लाल बूट, मागं राक्षस. आक्का अंधारात मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, त्या पोरीला कुणीतरी जवळ घ्या की!" आणि थोड्या वेळानं माझ्या कानाशी, "आपण आत्याबाईंना उचलायचो, तसंच की गं हे."

आत्याबाई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना कुशीवर वळवायचं, बसतं करायचं, चादर बदलायची. आक्का डावीकडून, मी उजवीकडून. आधी "एक, दोन, तीन" म्हणायचो. पुढं आकडे लागेनासे झाले; आक्कांनी श्वास घेतला की माझे हात उचलले जायचे. आम्ही काही जिवाभावाच्या मैत्रिणी नव्हतो. घराच्या वाटणीवरून आमचा सहा महिने अबोला होता. त्या सहा महिन्यांतही आत्याबाईंना दिवसातून चार वेळा बरोबरीनंच उचललं. आमचं काय जुळलं होतं त्याला मला नाव नव्हतं. ते पडद्यावर, पंचवीस मजली उंचीचं, मला दिसलं.

आक्का जाऊन आता पाच वर्षं झाली. सिनेमा टीव्हीवर लागतो तेव्हा मी अजून बघते. सुरुवातीलाच नायकाच्या भावाला तो प्राणी यंत्रातून उपसून नेतो, तेही दोघांची मनं जोडलेली असताना. नायक उरलेलं यंत्र एकटा किनाऱ्यापर्यंत चालवत आणतो आणि वाळूत कोसळतो. पूर्वी मला हा भाग पुढच्या मारामारीची तयारी वाटायचा. आता मी तिथं आवाज कमी करून नीट बघते. त्याचं एक एक पाऊल मोजते.

पण सिनेमा तिथं थांबत नाही, त्याला माको भेटते. ना नात्याची, ना गावची, आणि तिची आठवण वेगळी, जखम वेगळी. तरी पाऊल जुळतं.

गेल्या वर्षी आमच्या यजमानांचं मांडीचं हाड मोडलं. पहिल्या रात्री त्यांना उठवायला मी वाकले, तर सूनबाई न सांगता पलंगाच्या पलीकडं जाऊन उभी. म्हणाली, "आई, तुम्ही म्हणा, एक, दोन, तीन."

अजून आम्हाला आकडे म्हणावे लागतात. होईल सवय. सिनेमा मात्र तिला मुळीच आवडत नाही. जहाजाचा मार सुरू झाला की ती उठून आत जाते, आणि माझ्या टाळ्या ऐकून आतनंच हसते.