उद्या होतोय ना?

२९ ऑक्टोबर २०११, शनिवारची रात्र. पुण्याहून बंगलोरला निघालेल्या बसमध्ये बसलोय. १९८१ साली सुरू झालेला मेटॅलिका बँड पहिल्यांदाच भारतात वाजवणार आहे. पण कालचा गुडगावचा शो झालाच नाही. उद्या पॅलेस ग्राउंड्सवरचाही बोंबलला तर?

होस्टेलवर मी आणि रूममेट एकच इअरफोन वाटून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकायचो. डावा त्याचा, उजवा माझा. हे लोक कधी आलेच तर सोबत जायचं, हे ठरलेलं. पुढे पैशांवरून भांडलो. दोन वर्षं बोलणं नाही.

साताऱ्याजवळ फोन वाजला. त्याचा मेसेज.

‘उद्या होतोय ना रे?’

‘माहीत नाही. तू कुठेयस?’

‘मुंबईहून निघालोय. गेटपाशी थांब.’

शो नाही झाला तरी थांबेन.