तिघींचे रिकामे हात

धरणाच्या गावातल्या मुलांना चित्र काढायला सांगितलं की भिंत, पाणी आणि मागे मावळता सूर्य येतो. त्यात वावगं काही नाही. पण दुसऱ्यानं काढलेलं चित्र बघायचं कसं, हे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत राहूनच जातं. म्हणून आमच्या सिद्धेश्वरच्या शाळेत आठवीच्या वर्गात मी चित्रकार अमृता शेरगिल यांच्या 'थ्री गर्ल्स' या चित्राची मोठी छापील प्रत फळ्यावर लावली. नाव सांगितलं नाही, सालही नाही.

तीन तरुण मुली शेजारी शेजारी बसलेल्या. डोक्यावर ओढण्या, नजरा झुकलेल्या. लाल, हिरवे, मातकट रंग. मागे ना खिडकी, ना सामान.

"कुणीतरी वारलंय," पहिलं उत्तर आलं. मग, "रुसल्यात." मी विचारलं, कशावरून? चेहरे झाकले तर चित्रात काय उरतं? वर्ग अडखळला. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, खेटून बसल्यात, पण एकमेकींकडं बघेनात."

मला हेच हवं होतं. चित्रातला भाव चेहऱ्यात असतो त्याहून जास्त मांडणीत असतो. एकाच चौकटीत तिघी आणि तरी प्रत्येकजण एकटी, हे चित्रकर्तीनं ठरवून केलेलं आहे. मग हातांकडे लक्ष गेलं. हात सैल पडलेले. त्यांत ना भांडं, ना सुई-दोरा. आमच्याकडे हळद शिजवायच्या दिवसांत बायकांच्या हातांचा पिवळेपणा उतरत नाही. मी विचारलं, बाईचे हात रिकामे दिसतात तरी कधी?

"पाव्हणे बघायला आल्यावर," दुसरी एक जण म्हणाली.

कुणी हसलं नाही. आमच्या भागात दहावीच्या आत मुलीचं लग्न उरकण्याची घाई अजून संपलेली नाही. हे उत्तर तिनं पुस्तकातून आणलेलं नव्हतं.

मग मी माहिती दिली. 1934च्या अखेरीस पॅरिसहून परतलेल्या शेरगिल यांनी 1935 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हे तैलचित्र केलं. समोर बसल्या होत्या त्यांच्याच नात्यातल्या मुली, अमृतसरच्या सधन घरातल्या. 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्या मुलींचं स्वतःचं दुःख यात असेलच असं नाही. चित्रकर्तीनं त्यांच्या बसण्यातून वाट बघण्याची अवस्था उभी केली. फक्त 'उदास' म्हणून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. त्या वाट बघताहेत, आणि ज्याची वाट बघायची ते त्यांनी निवडलेलं नाही.

"हिरवा म्हणजे सौभाग्य ना सर?" एकानं विचारलं. रंगांचे असे ठोकळ अर्थ पाठ करणं मला पटत नाही. लाल रंग आपल्याकडे लग्नाचा खरा, पण इथे तो मातकट रंगांच्या संगतीत आहे आणि सणाचा वाटत नाही. रंगाला अर्थ येतो तो शेजारच्या रंगामुळे. दिल्लीत जयपूर हाऊस या कलासंग्रहालयात मी मूळ चित्रासमोर उभा होतो तेव्हा हे जेवढं कळलं, तेवढं छापील प्रतीतून कळत नाही.

प्रतीक कसं चालतं हे सांगायला मी अजिंठ्याचा आधार घेतला. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी सहलीत मुलांनी पाहिला होता. त्याचीही नजर झुकलेली, पण हातात कमळ. कमळ सांगतं तो कोण आहे. त्याची करुणा सांगते ती कललेली मान. शेरगिल अजिंठ्याला गेल्या 1936 मध्ये, म्हणजे 'थ्री गर्ल्स'नंतर. तेव्हा ही झुकलेली नजर तिथून घेतलीय असं म्हणता येत नाही. त्या प्रवासाची छाप दिसते ती 1937 च्या 'ब्राइड्स टॉयलेट' या चित्रात.

शेवटी घरातलं कुणीतरी नुसतं बसलेलं काढायला सांगितलं. बहुतेकांनी आई काढली, आणि काहीच करत नसलेली आई काढणं त्यांना फार अवघड गेलं. कुणी हातात सूप दिलं, कुणी विळा, एकानं मोबाईल. मी ते खोडायला लावलं नाही. ती कधी नुसती बसते, हे घरी बघून यायला सांगितलं.