सामाईक घड्याळ

एकाच संगणकावर दोन किंवा अधिक ऑपरेटिंग सिस्टीम नांदवायच्या झाल्या, तर डिस्कची वाटणी करता येते, बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच कोणती प्रणाली उठवायची हे विचारणारा छोटा प्रोग्राम, एकमताने नेमता येतो, आणि मेमरीचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण एका वेळी एकच प्रणाली जागी असते. मदरबोर्डवरील घड्याळाची वाटणी मात्र करता येत नाही. वाड्याच्या वाटण्या झाल्या तरी अंगणातला आड सामाईकच राहतो, तशी या घड्याळाची स्थिती आहे, आणि पुढचे भांडण बहुधा त्याच्याच काठावर होते.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शक लेखन आधी कोणती प्रणाली बसवावी, ईएफआय पार्टिशन किती मोठे ठेवावे, अशा गोष्टींवर पाने खर्च करते. त्या भागात आता फारसे कसब उरलेले नाही. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बूटच्या कोडसाठी अवघे ४४६ बाइट मिळत आणि प्राथमिक पार्टिशने चारच करता येत, तेव्हा जागेची काटकसर ही खरी विद्या होती; आजच्या जीपीटी रचनेत १२८ नोंदी मावतात आणि इन्स्टॉलरच बहुतेक निर्णय घेऊन मोकळा होतो. घड्याळाचा उल्लेख अशा लेखनात शेवटी, किरकोळ अडचणींच्या यादीत येतो, आणि ‘इंटरनेट जोडले की वेळ आपोआप दुरुस्त होते’ या वाक्यावर त्याची बोळवण होते. असे लिहिणाऱ्यांनी ते घड्याळ महिनाभर नीट पाहिले असेल, असे वाटत नाही.

१९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप होती आणि यंत्र बंद असतानाही बॅटरीवर ती वेळ मोजत राही. आजचे रिअल टाइम क्लॉक, म्हणजेच आरटीसी, तिचेच वंशज आहे. त्यात सेकंद, मिनिट, तास, वार, दिनांक, महिना आणि वर्ष यांना जागा आहे. ही वेळ पृथ्वीवर कुठली, हे नोंदवायला जागा नाही. डॉसने त्या आकड्यांना मालकाच्या भिंतीवरची वेळ मानले आणि विंडोजने तोच वारसा चालवला. युनिक्सच्या घराण्याने मात्र १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक वेळेने, म्हणजे यूटीसीने मोजले, त्यामुळे लिनक्स आरटीसीमध्येही तीच वेळ आहे असे धरून चालते.

भारतात या मतभेदाची किंमत साडेपाच तास आहे. दुपारी २ वाजता विंडोजने घड्याळात १४:०० ठेवून यंत्र बंद केले आणि लगेच लिनक्स सुरू झाले, तर ते त्या आकड्याला जागतिक वेळ समजते, त्यात साडेपाच तास मिळवते आणि पडद्यावर संध्याकाळचे साडेसात दाखवते. नेटवर्क मिळाले की लिनक्स आपली वेळ सुधारते, आणि तेवढ्यावर न थांबता त्याचे कर्नल दर ११ मिनिटांनी सुधारलेली वेळ जागतिक रूपात आरटीसीमध्ये लिहीत राहते. मग विंडोज उघडावे, तर तिथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे ज्या आपोआप दुरुस्तीचा हवाला दिला जातो, तीच दुसऱ्या प्रणालीची वेळ बिघडवते.

पडद्यावरची चुकीची वेळ डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिचा धोका कमी; फाइलवर बसलेला शिक्का दिसत नाही. वेळ सुधारण्यापूर्वी लिनक्सने साठवलेल्या फाइलवर साडेपाच तास पुढचा शिक्का बसतो, नंतर विंडोजमध्ये तिची दुसरी प्रत सुधारली जाते, आणि प्रती जुळवणारा सिंक प्रोग्राम जुनीलाच नवी समजून खरी नवी प्रत पुसून टाकतो. ‘मेक’सारखे, फाइलींच्या वेळा पाहून प्रोग्राम बांधणारे साधन निदान फाइल भविष्यकाळातली असल्याचा इशारा तरी देते. बाकी ठिकाणी कोणी काही बोलत नाही, आणि दोष हरवलेल्या मजकुराच्या मालकाच्या विसरभोळेपणावर ढकलला जातो.

या गोंधळाचे सगळे खापर मायक्रोसॉफ्टच्या आडमुठेपणावर फोडण्याची अशी यंत्रे लावून देण्याच्या धंद्यात रीत आहे, पण ती फारशी न्याय्य नाही. १९९३ मध्ये विंडोज एनटी आले तेव्हा अनेक जण एकाच यंत्रावर एनटी आणि डॉस दोन्ही ठेवत, आणि प्रणाली बदलताना दर वेळी घड्याळ लावावे लागू नये, म्हणून एनटीनेही स्थानिक वेळच स्वीकारली. शेजारधर्म म्हणून घेतलेला निर्णय शेजारी बदलल्यावर अडचणीचा ठरला, एवढेच.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद करून विंडोजला जागतिक वेळ पाळायला लावता येते. जुन्या आवृत्त्यांत ही नोंद भरवशाची नव्हती, अलीकडे ती नीट चालते. किंवा ‘टाइमडेटसीटीएल’ या एका आज्ञेने लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगता येते, आणि लिनक्स तसे करतानाही लांबलचक इशारा देते. इशाऱ्यामागचे कारण खरे आहे. युरोपात उन्हाळी वेळ संपताना, ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी, घड्याळे तासभर मागे जातात, त्या रात्रीचा एक तास दोनदा येतो, आणि स्थानिक वेळ दाखवणारे घड्याळ त्यातला पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे सांगू शकत नाही; शिवाय दोन्ही प्रणाली आपापल्या हिशेबाने तोच तास मागे घेऊ शकतात.

प्रस्तुत लेखकाने पुढ्यात आलेल्या प्रत्येक यंत्रावर पहिलाच उपाय केला आणि शिकणाऱ्यांकडून तोच करवून घेतला. अखेर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करतातच कुठे? मग विंडोजला का छेडायचं?” प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. उन्हाळी वेळ न पाळणाऱ्या देशात लिनक्सने स्थानिक वेळ पाळल्याने सहसा काही बिघडत नाही. उलट विंडोज पुन्हा बसवली की रजिस्ट्रीतली नोंद जाते आणि मालकाला कारागिराकडे परत यावे लागते. इतकी वर्षे विंडोजला नमवण्यामागे तत्त्व थोडे होते आणि तोरा अधिक होता. बूट मेनूत पाच-सहा प्रणालींची नावे ओळीने उभी करण्यामागेही तोच तोरा होता, कारण त्यांतल्या निम्म्या प्रणाली मालकाने पुन्हा कधी उघडल्या नसाव्यात.

१९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईने ३९ मिनिटे मागे चालणारी आपली वेळ १९५५ पर्यंत पुरती सोडली नव्हती, आणि एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. तिथे समोरच्याला ‘ही वेळ कुठली?’ असे विचारता येत होते. आरटीसीला तो प्रश्न विचारण्याची सोय नाही.

आता हा वादच मिटत चालला आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका प्रणालीच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत, पाहुणीला वेळ यजमानाकडूनच मिळते. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय आहे. अॅपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये विंडोज बसवू देणारे बूट कॅम्प उरलेले नाही. त्या विद्यार्थिनीनेही शेवटी व्हर्च्युअल मशीनच घेतले, आणि तिच्या कामाला ते पुरते. यंत्राचे सगळे हार्डवेअर एकाच प्रणालीच्या हाती येण्यात जी मोकळीक आहे, ती त्यात नाही, हे मत लेखकाने अजून सोडलेले नाही.

नव्या यूईएफआय फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने, वेळेच्या नोंदीत कालक्षेत्रासाठी जागा ठेवली आहे: उणे १४४० ते अधिक १४४० मिनिटे, आणि काहीच सांगायचे नसेल तर २०४७ हा आकडा. भारतासाठी तिथे साडेपाच तासांचा हिशेब सहज मावतो, मात्र त्याचा उपयोग व्हायला दोन्ही प्रणालींनी तो वाचायची तसदी घ्यायला हवी. नवे यंत्र हाती आले की लेखक सवयीने आधी तेवढे पाहून घेतो, आणि तिथे बहुधा २०४७ च असते.